डॉ. डेनिस बर्किट

संशोधन म्हटले की मोठी प्रयोगशाळा आणि महागडी उपकरणे आपल्या डोळ्यांसमोर येतात. डॉ. बर्किट यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते.

आयर्लंडमधील एनिस्किलन येथे १९११ साली त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी अपघातात एक डोळा गेला. डब्लिनला इंजिनिअरिंग सोडून ते वैद्यकाकडे वळले व १९४६ साली सर्जन म्हणून युगांडात गेले.

१९५७ साली कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात त्यांनी एक लहान मुलगा पाहिला. त्याचे वरचे व खालचे जबडे दोन्ही बाजूंनी सुजले होते. थोड्याच दिवसांत जिंजा येथे तसेच दुसरे मूल दिसले. हा कर्करोग कोठे कोठे होतो, याचा त्यांनी ध्यास घेतला. दवाखान्यांना पत्रे धाडली, नकाशावर खुणा केल्या. १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून दहा हजार मैल पालथे घातले. रोगाचा पट्टा उष्ण, पावसाळी मुलखातच निघाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान अँथनी एपस्टाइन यांनी ऐकले. युगांडाहून आलेल्या गाठींच्या तुकड्यांत त्यांना व सहकाऱ्यांना १९६४ साली नवा विषाणू सापडला. मानवी कर्करोगाशी नाते जुळलेला हा पहिला विषाणू. नाकामागील घशाच्या कर्करोगातही तो पुढे आढळला. मलेरिया त्याला हात देतो, म्हणून तो पट्टा! औषधांनी पुष्कळ मुले वाचू लागली.

१९९३ साली बर्किट वारले. खतावणी लिहिणाऱ्या आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक शिकविले : नेमकी नोंदही जीव वाचवते.