प्लाँतेची बॅटरी आणि मुळशीचा पाऊस

मुळशीला तुम्ही एकदा तरी गेला असालच. धरणाकाठचं कॅम्पिंग, ताम्हिणीचा घाट, मध्येच गायब होणारी मोबाइलची रेंज. तिथल्या तंबूंमध्ये आणि फार्महाउसवर संध्याकाळी लागणारे दिवे अनेकदा सोलरवर चालतात. दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवून ठेवते ती कोपऱ्यातली जडशीळ ॲसिडची बॅटरी. जूनमध्ये ढग खाली उतरले, की तंबू गुंडाळले जातात, दाराला कुलूप लागतं. बॅटरी मात्र तिथेच, आहे तशी राहते. पावसाळा संपल्यावर कुलूप उघडावं, तर बॅटरी चार्जच होत नाही. मग शिव्या कंपनीला! पण काही हजारांची ही वस्तू वापर नसताना मेली कशी? याचं उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडतं, त्या माणसाचं नाव गास्तों प्लाँते.

आधी पक्षी, मग बॅटरी

प्लाँतेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, दक्षिण फ्रान्समधल्या ऑर्तेझ गावातला. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नावाजलेला पियानोवादक झाला. गास्तोंला ओढ विज्ञानाची. १८५४ मध्ये, म्हणजे तुमच्यातले बरेच जण सेकंड इयरला असतात त्या वयात, तो पॅरिसमधल्या एका नामवंत तंत्रशिक्षण संस्थेत भौतिकशास्त्राचा सहायक म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या म्यूदोंमध्ये त्याला एका अवाढव्य, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं, गॅस्टॉर्निस. डायनासोरप्रेमी मित्राला विचारा, त्याला हे नाव नक्की माहीत असेल. एवढ्यावर कुणी आयुष्यभर मिरवलं असतं. प्लाँते मात्र प्रयोगशाळेत परतला आणि विजेच्या मागे लागला.

नकोशा करंटचा पाठलाग

तेव्हाच्या बॅटऱ्या आजच्या रिमोटच्या सेलसारख्या होत्या. आतलं रसायन संपलं, की काम संपलं. शिवाय एक कटकट होती. ॲसिडमध्ये धातूच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांतून वीज सोडली आणि मग तार काढली, तर थोडा वेळ उलट दिशेनं करंट वाहायचा. हे आधीच्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं, पण बहुतेकांना तो अडथळा वाटायचा. तो घालवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न. प्लाँतेनं प्रश्नच उलटा केला. हा करंट वाढवता येईल का? कोणत्या धातूत तो जास्त आणि जास्त वेळ टिकतो? त्यानं तांबं, चांदी, सोनं, प्लॅटिनम असे धातू तपासले. जिंकलं ते साधं, स्वस्त शिसं!

साल १८५९, प्लाँतेचं वय २५. त्यानं शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या आणि अळूवडीच्या उंड्यासारखी त्यांची गुंडाळी केली. ती पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. झाली जगातली पहिली पुन्हा पुन्हा चार्ज होणारी, कामाची बॅटरी. १८६० मध्ये असे नऊ सेल जोडून त्यानं ते फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले.

विश्रांतीचं गणित

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. नव्या कोऱ्या पत्र्यांत वीज फारशी साठायचीच नाही. मग प्लाँते त्यांना ‘घडवू’ लागला. चार्ज करायचं, उतरवायचं, उलट्या दिशेनं चार्ज करायचं आणि मध्ये चक्क विश्रांती द्यायची. आधी आठवडाभर, मग पंधरवडा, मग महिना. सोलर नव्हतं, घरात प्लग नव्हता. जुन्या पद्धतीच्या सेलमधून वीज घेऊन हे सगळं महिनोन् महिने चालायचं.

या विश्रांतीत पत्रे रिकामे बसत नव्हते. शिशाच्या पृष्ठभागावर ॲसिडची क्रिया होऊन लेड सल्फेट तयार व्हायचं. पुढच्या चार्जिंगमध्ये त्याचंच भुसभुशीत, वीज धरणारं शिसं किंवा त्याचं ऑक्साइड बनायचं. दर फेरीला हा थर आणखी खोल जायचा. पण लक्षात घ्या, प्रत्येक विश्रांतीनंतर चार्जिंग ठरलेलं असायचं.

आता मुळशीत परत या. बॅटरी उतरते तेव्हा आत तेच लेड सल्फेट तयार होतं. ताजं असताना त्याचे कण बारीक असतात आणि चार्जिंगनं ते विरघळून जातात. पण अर्धवट उतरलेली बॅटरी तीन-चार महिने तशीच ठेवली, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक होतात. ते मग चार्जिंगला दाद देत नाहीत. त्यात भर म्हणजे न वापरताही बॅटरी दर महिन्याला थोडी थोडी उतरत असते, आणि इन्व्हर्टर चालू राहिला तर आणखी वेगानं. थोडक्यात, प्लाँतेनं शिशाला विश्रांती दिली, आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. फरक फक्त मधल्या एका चार्जिंगचा.

शेवटपर्यंत शोधच

१८८१ मध्ये कामिय फॉर या दुसऱ्या फ्रेंच माणसानं शिशाच्या पत्र्यांवर ऑक्साइडचा लेप लावला आणि ते महिन्यांचं काम झटपट झालं. बॅटरी कारखान्यांत पोहोचली. प्लाँते तोवर शेकडो सेल जोडून उच्च दाबाच्या विजेचे प्रयोग करत होता, आकाशातल्या विजेचं कोडं सोडवू पाहत होता. २१ मे १८८९ ला, ५५ व्या वर्षी तो गेला. त्याच्या नावानं विज्ञान अकादमीचं पारितोषिक सुरू झालं. १८९५ मध्ये ते मिळालं पिएर क्युरी यांना.

तुमच्या बॅटरीसाठी

घरी, गावाकडे किंवा कॅम्पवर पाणी घालायची बॅटरी असेल, तर बंद करून ठेवण्याआधी एवढं कराच.

• आधी फुल चार्ज करा. १२ व्होल्टची बॅटरी काही तास तशीच ठेवल्यावर साधारण १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवायला हवी.

• चार्जिंग झाल्यावर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी नको, वरून ॲसिड तर मुळीच नको. हातमोजे आणि चष्मा घाला. खोलीत हवा खेळती ठेवा आणि जवळ काडी पेटवू नका, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन बाहेर पडतो.

• इन्व्हर्टरसह सगळा लोड तोडा. टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावा.

• महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. १२.४ च्या खाली गेलं, तर चार्ज करा. पॅनल जोडलेलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ताम्हिणीच्या ढगांत ते पुरेसं चालेलच असं नाही.

• तरीही मेलीच, तर भंगारात फोडायला देऊ नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती डीलरकडेच द्या.

पुढच्या जूनमध्ये कुणी कॅम्पला कुलूप लावत असेल, तर त्याला मोबाइलमध्ये महिन्याचा एक रिमाइंडर लावून द्या. प्लाँतेला जे करायला महिनोन् महिने लागले, त्यातलं आपल्या वाट्याला एवढंच उरलंय.