उणिवेतून उमटलेला रंग : डॉ. ग्रॅम

सांगली, मिरज वा सातारा येथील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रुग्णाचा पू, थुंकी किंवा मणक्यातील पाणी तपासणीस आले, की त्याचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगविला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली काही जंतू जांभळे दिसतात, तर काही गुलाबी. अहवालात पहिले ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ आणि दुसरे ‘ग्रॅम निगेटिव्ह’ ठरतात. येथे ग्रॅम हे वजनाचे माप नव्हे, ते एका डॅनिश डॉक्टरांचे आडनाव आहे.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक होते. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासातून ग्रॅम यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. १८७८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे बर्लिन येथे कार्ल फ्रीडलँडर यांच्याकडे संशोधनासाठी गेले. न्यूमोनिया नेमका कोणत्या जंतूमुळे होतो, हा त्या काळी वादाचा विषय होता. मृत रुग्णांच्या फुफ्फुसांतील जंतू स्पष्ट दिसावेत, एवढाच ग्रॅम यांचा हेतू होता.

त्यांनी ऊतींना जांभळा रंग दिला, त्यावर आयोडीनचे द्रावण घातले आणि नंतर अल्कोहोलने धुतले. ऊतींचा रंग निघून गेला, जंतूंचा मात्र टिकला. परंतु काही जंतूही रंग सोडू लागले. विषमज्वराचा जंतू त्यांपैकीच एक. १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध करताना ग्रॅम यांनी ती सदोष असल्याचे प्रांजळपणे नमूद केले. सारेच जंतू रंगत नाहीत, ही त्यांच्या दृष्टीने उणीव होती. तीच पुढे जंतूंच्या वर्गीकरणाची किल्ली ठरली. रंग गमावलेले जंतूही दिसावेत म्हणून सॅफ्रानिनचा गुलाबी रंग नंतर इतरांनी जोडला.

यामागील कारण जंतूंच्या भित्तिकेत आहे. जांभळा रंग व आयोडीन यांचे मोठे संयुग जंतूच्या आत तयार होते. जाड भित्तिका अल्कोहोलने आकसते आणि ते आत कोंडून ठेवते. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंची भित्तिका पातळ असते. तिच्याबाहेरील स्निग्ध आवरण अल्कोहोलमुळे विरघळते व रंग वाहून जातो. हेच बाह्य आवरण कित्येक प्रतिजैविकांनाही अडविते. म्हणूनच हा भेद उपचारांच्या दृष्टीने मोलाचा आहे. जंतू वाढवून ओळखण्यास एक-दोन दिवस लागतात. मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या बालकाला तेवढी सवड नसते. रंगविलेली काचपट्टी काही मिनिटांत दिशा दाखविते.

ग्रॅम यांनी मानलेली मर्यादा आजही कायम आहे. सांगली-मिरजेदरम्यानचे वॉनलेसवाडी हे नाव डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या क्षयरोग आरोग्यधामाची आठवण देते. क्षयाचा जंतू मेणचट आवरणामुळे ग्रॅमच्या रंगाला नीट दाद देत नाही. त्याच्यासाठी वेगळी रंगपद्धती वापरावी लागते.

ग्रॅम यांनी मात्र पुढे जंतुशास्त्रात आयुष्य वेचले नाही. १८९१ मध्ये ते औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९०० मध्ये वैद्यकशास्त्राचे. १९२३ मध्ये निवृत्त होऊन १४ नोव्हेंबर १९३८ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी ते निवर्तले. आपल्या कामातील उणीव न झाकता जगापुढे मांडणाऱ्या या डॉक्टरांचे नाव, कृष्णाकाठच्या प्रयोगशाळांतही रोज लिहिले जाते.