भुंग्याच्या अळीपासून नोबेलपर्यंत

इल्या मेचनिकोव्ह म्हटले की रोगप्रतिकारशास्त्र आणि १९०८ सालचे नोबेल पारितोषिक आठवते. दह्यातील जिवाणूंचा दीर्घायुष्याशी संबंध जोडणारे शास्त्रज्ञ म्हणूनही त्यांची ओळख आहे. मात्र जमिनीत दडलेल्या किडीला तिच्याच रोगाने आवर घालण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न करणाऱ्यांत त्यांचा समावेश होतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

१८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीवजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला आणि तरुण वयातच ते ओडेसा येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये पत्नी ल्युडमिला क्षयाने दगावली. त्या आघाताने खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला; पण ते बचावले आणि पुन्हा संशोधनाकडे वळले.

त्या काळी रशियन साम्राज्याच्या दक्षिण भागात एका भुंग्याने गव्हाचे पीक धोक्यात आणले होते. भुंगे ओंब्यांतील दाणे फस्त करीत, तर त्यांच्या अळ्या मातीखाली सुरक्षित राहून मुळांवर जगत. १८७९ मध्ये रोगट अळ्यांचा अभ्यास करताना मेचनिकोव्ह यांना हिरव्या बीजाणूंची एक बुरशी आढळली. हे बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटून रुजतात, बुरशी शरीरात शिरते आणि अळी मरते; त्यासाठी अळीने ती खाण्याची गरज नसते. बिअरसाठी तयार केलेल्या धान्याच्या लगद्यावर त्यांनी ही बुरशी वाढविली. हवे तेव्हा वाढवता येईल असे शस्त्र त्यामुळे शेतीच्या हाती आले. १८८४ मध्ये क्रासिलश्चिक यांनी स्मेला येथे तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून साखरबीटावरील सोंड्या भुंग्याविरुद्ध ती शेतात वापरून पाहिली.

दरम्यान, राजकीय अस्वस्थतेला कंटाळून मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये प्राध्यापकपद सोडले होते. त्याच वर्षी सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला असता, त्याभोवती पेशी गोळा होताना त्यांना दिसल्या. त्यातूनच भक्षक पेशींचा सिद्धान्त जन्मला. रोग शरीरावर कशी मात करतो, हे त्यांनी भुंग्याच्या अळीत पाहिले होते. शरीर प्रतिकार कसा करते, हे तारामाशाच्या अळीने दाखविले. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले आणि १९१६ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकात झटपट परिणाम देणाऱ्या रासायनिक कीटकनाशकांपुढे ही बुरशी मागे पडली. ती सावकाश काम करते, तिला जमिनीत ओलावाही लागतो. परंतु रसायनांचे दुष्परिणाम उघड झाल्यावर शेतीशास्त्र पुन्हा तिच्याकडे वळले. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना सतावणाऱ्या हुमणीसाठी आज जे मेटारायझियम शेणखतात मिसळून जमिनीत दिले जाते, ती मेचनिकोव्ह यांचीच हिरवी बुरशी होय.