पालखीत वीणा, पायी वैणिक : म्हैसूरचे वीणा शेषण्णा

विजयनगर (म्हैसूर) : म्हैसूरच्या संगीतपरंपरेत एक हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी म्हैसूरच्या एका वैणिकाचे वादन ऐकले आणि प्रसन्न होऊन त्यांना पालखीचा मान दिला. ही वार्ता म्हैसूरला पोहोचली, तेव्हा आपल्या दरबारच्या कलावंताचा तसाच गौरव आपणही करावा, असे तेथील महाराजांनी ठरवले. पालखी सजली, मिरवणुकीची वेळ झाली. त्या वैणिकाने आपली वीणा पालखीत ठेवली आणि स्वतः तिच्या बाजूने पायी चालू लागला. तो कलावंत म्हणजे वीणा शेषण्णा (१८५२–१९२६).

या प्रसंगाकडे बहुधा कलावंताच्या विनयाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. तो विनय होताच. परंतु त्यात वस्तुस्थितीची जाणही होती. ज्या नादासाठी दोन संस्थानांनी पालखी काढली, तो नाद एकट्या वादकाच्या बोटांतून उमटलेला नव्हता. फणसाचा ओंडका कोरणाऱ्या, त्यावर मेणाचा थर चढवून एकेक पडदा कानाने बसवणाऱ्या कारागिराचा हातही त्यात होता. शेषण्णांचे चरित्र वाचताना हा दुसरा हात विसरला, तर त्यांच्या कलेचा अर्धा भाग नजरेआड होतो.

शेषण्णांचा जन्म म्हैसूरमध्ये १८५२ साली वैणिकांच्या घराण्यात झाला. वडील बक्षी चिक्करामप्पा हे म्हैसूर दरबारचे वीणावादक होते. या घराण्याची परंपरा पच्चिमिरियम आदिअप्पय्या यांच्यापर्यंत मागे जाते. आदिअप्पय्या हे अठराव्या शतकात तंजावरच्या मराठा दरबाराशी संबंधित असलेले थोर वाग्गेयकार. भैरवी रागातील त्यांचा वर्णम आजही कर्नाटक संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. त्रिमूर्तींपैकी श्यामा शास्त्री हे त्यांचेच शिष्य. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने बहरलेल्या विद्येची एक शाखा अशा रीतीने कावेरीच्या वरच्या खोऱ्यात, म्हैसूरच्या राजवाड्यात रुजली.

शेषण्णांच्या बालपणाविषयीही एक कथा प्रसिद्ध आहे. तिसरे कृष्णराज वडियार यांच्या दरबारात बाहेरगावच्या एका विद्वानाने अतिशय अवघड पल्लवी गायिली आणि ती पुन्हा म्हणून दाखवण्याचे आव्हान दिले. दरबारी मंडळी अडखळली. चिक्करामप्पांच्या लहानग्या मुलाने मात्र ती जशीच्या तशी गाऊन दाखवली. महाराजांनी आपल्या गळ्यातील मोत्यांचा हार त्याला दिला, असे सांगतात. पितृछत्र लवकर हरपल्यावर शेषण्णांनी वीणेचे शिक्षण दोड्ड शेषण्णा यांच्याकडे घेतले, तर गायनाची तालीम म्हैसूर सदाशिवराव यांच्याकडून मिळवली. सदाशिवराव हे त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील रचनाकार होते. गळा आणि बोटे या दोन्हींची तयारी एकत्र झाल्याने शेषण्णांच्या वादनाला पुढे जो भरीवपणा आला, त्याची मुळे या काळात सापडतात.

पुढील अर्धशतक म्हैसूरच्या वैभवाचे होते. १८८१ मध्ये ब्रिटिशांनी राज्यकारभार पुन्हा वडियार घराण्याकडे सोपवला आणि दहावे चामराजेंद्र वडियार गादीवर आले. त्यांच्यानंतर चौथे कृष्णराज वडियार यांनी १९०२ मध्ये पूर्ण अधिकार स्वीकारले. दरम्यान, १८९७ मध्ये राजवाड्यातील एका विवाहसोहळ्यात आग लागून जुना लाकडी राजवाडा भस्मसात झाला. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार उभारलेला नवा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्यातील शिसवी दारांवरचे हस्तिदंती जडावकाम आजही पर्यटकांची पावले थबकवते. लाकडावर असे सूक्ष्म काम करणाऱ्या कारागिरांचे हे शहर होते. ज्या नगरात दारावरच्या वेलबुट्टीसाठी इतके सायास होत, तेथे वीणेच्या घडणीकडेही तितक्याच बारकाईने पाहिले जाणे स्वाभाविक होते.

संगीताच्या बाबतीत या दरबाराला प्रांताच्या सीमा नव्हत्या. भास्करबुवा बखले यांचे गुरू, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, म्हैसूरच्या आश्रयाला होते. मिरजेला स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ येथे वारंवार येत आणि याच दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. पाश्चात्त्य संगीताचेही येथे कौतुक होते. अशा वातावरणात शेषण्णांनी वीणेबरोबर व्हायोलिन, स्वरबत, जलतरंग आणि पियानो ही वाद्येही आत्मसात केली. स्वरजती आणि तिल्लाने रचले. वीणा सुब्बण्णा यांच्यासह त्यांचे नाव म्हैसूर दरबाराची ओळख बनले. चौथ्या कृष्णराज वडियारांनी त्यांना वैणिक शिखामणी हा किताब दिला.

वीणावादनाची म्हैसूर बाणी आज शेषण्णांच्या नावाने ओळखली जाते. गळ्याची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा वाद्याचा स्वतःचा स्वभाव खुलवणे, हे या बाणीचे वैशिष्ट्य. तारेवरील आघाताला कर्नाटक संगीतात मीटू म्हणतात. या बाणीत तो स्पष्ट आणि मोत्यासारखा सुटा असतो. डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट एकमेकांपासून विलग ठेवून पडद्यांवर फिरवण्याची पद्धत हेही तिचे लक्षण मानले जाते. त्यामुळे द्रुत लयीतही स्वर एकमेकांत मिसळून जात नाहीत.

मात्र असे वादन वाद्याची कठोर परीक्षा घेते. तार ओढून स्वर घेताना पडदा किंचित जागा सोडून बसला असला, तरी वादकाचे बोट ती उणीव भरून काढू शकते. सुट्या, स्वच्छ आघाताच्या वादनात ही पळवाट उरत नाही. पडदा जेथे आहे, तोच स्वर ऐकू येतो. म्हणूनच म्हैसूर बाणीची कथा वीणेच्या घडणीपासून वेगळी काढता येत नाही.

सरस्वती वीणेची घडण ओंडक्याच्या निवडीपासून सुरू होते. मुख्य लाकूड फणसाचे; म्हैसूर भागात शिसवीचाही वापर होत आला आहे. लाकूड पुरते वाळू दिले नाही, तर पुढे ते पीळ खाते आणि दांडी वाकते. वीणेचा गोल घट, म्हणजेच कुडम, आतून कोरून पोकळ केला जातो. भिंत जाड राहिली तर नाद कोंडतो, फार पातळ झाली तर चिरण्याची भीती असते. योग्य जाडी कोणती, हे कारागीर लाकडावर बोटाने टिचकी मारून, कानाने ठरवतो. घटावर लाकडी तबली बसते, पुढे पोकळ दांडी आणि टोकाला खाली वळलेले याळीचे मुख. दांडीखाली आधाराला भोपळा येतो. घट, दांडी आणि मुख हे सारे एकाच ओंडक्यातून कोरले असेल, तर त्या वीणेला एकांड वीणा म्हणतात आणि तिचा मान सर्वांत मोठा असतो.

यानंतर येते सर्वांत नाजूक काम. दांडीच्या दोन्ही कडांवर मेणाचे उंच काठ उभारले जातात. मेणात राळ आणि काळी पूड मिसळून ते घट्ट व काळेभोर केले जाते. या काठांवर चोवीस धातूचे पडदे बसवायचे असतात. प्रत्येक सप्तकासाठी बारा. चोवीस अचल पडद्यांची ही रचना परंपरेने सतराव्या शतकातील तंजावरचे रघुनाथ नायक यांच्या काळाशी जोडली जाते. मेण गरम करून पडदा ठेवायचा, तार छेडून ऐकायचे, केसभर पुढे-मागे सरकवायचे आणि पुन्हा ऐकायचे. एक पडदा चुकला तर त्याच्या आधारे बसवलेले पुढचेही चुकतात. उन्हाळ्याच्या उष्णतेने आणि तार ओढण्याच्या सततच्या ताणाने मेण हळूहळू जागा सोडते. म्हणून काही काळाने हे सारे काम नव्याने करावे लागते. वीणा एकदा घडवून संपत नाही, ती पुनःपुन्हा घडवावी लागते.

घोडीवरील धातूच्या पट्टीची किंचित बाकदार घासणी हे आणखी एक कसब. तंबोऱ्याच्या संदर्भात मराठी रसिक ज्याला जवारी म्हणतात, तोच हा प्रकार. तार या बाकावर अलगद टेकते आणि त्यातून अनेक उपस्वर फुलतात. पाश्चात्त्य तंतुवाद्यांना लागू पडणारा कंपनाचा नियम वीणा आणि तंबोरा का पाळत नाहीत, याचे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास आपल्या शोधनिबंधात याच घोडीच्या आकारात शोधले. कारागिरांनी कानसेने आणि कानाने साधलेली गोष्ट विज्ञानाच्या भाषेत मांडली गेली, तेव्हा शेषण्णा हयात होते. शेवटी लाखेच्या रोगणाचे हात कापडाच्या बोळ्याने चढवले जातात. पूर्वी कडांवर हस्तिदंताची नक्षी असे; हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर तिची जागा इतर साहित्याने घेतली.

हाताने घडवलेल्या तंतुवाद्यांचे हे तत्त्व जगभर सारखेच आहे. आज लाखो रुपयांना विकली जाणारी हस्तनिर्मित इलेक्ट्रिक गिटार घडवतानाही लाकूड निवडणे, पडदे एका पातळीत घासणे आणि रोगणाचे पातळ थर एकावर एक चढवणे, यांतच कारागिराचा सर्वाधिक वेळ जातो. त्या गिटारच्या दांडीवरील पट्टीसाठी पश्चिम घाटातील शिसवीला जगभर मागणी आहे. या वृक्षाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून नियंत्रण आहे. फरक एवढाच, की गिटारचे पडदे लाकडात खाचा पाडून कायमचे ठोकले जातात आणि तिचा आवाज विजेने वाढवला जातो. अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती १९३० च्या दशकाच्या प्रारंभी, शेषण्णांच्या निधनानंतर. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात वीणेचा मंद, गंभीर नाद दरबारच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी घटाच्या भिंतीखेरीज दुसरे साधन नव्हते. भिंत कोरणाऱ्याचा अंदाज चुकला असता, तर उत्तम वादकाचाही स्वर वाटेतच विरला असता.

आयुष्याच्या उत्तरार्धात शेषण्णांची वीणा दरबाराबाहेर, एका वेगळ्याच सभेत घुमली. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने उभारलेल्या अधिवेशननगरीला विजयनगर हे नाव देण्यात आले होते आणि तिचे प्रवेशद्वार हंपीच्या गोपुराच्या धर्तीवर सजवले होते. तेथे अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायिले आणि बहात्तर वर्षांच्या शेषण्णांनी वीणा वाजवली. गांधीजींसह राष्ट्रीय नेते ते वादन दीर्घकाळ तल्लीन होऊन ऐकत राहिले, असे नमूद आहे. राजांच्या मर्जीवर जगलेली एक कला लोकांच्या व्यासपीठावर आली, तो हा क्षण. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा वावर असलेल्या बेळगावात तो घडला, हेही लक्षणीय.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, शेषण्णांचे निधन झाले. त्यांची विद्या मात्र शिष्यांच्या हाती सुरक्षित राहिली. व्ही. वेंकटगिरियप्पा यांनी ती पुढे नेली आणि त्यांचे शिष्य दोरेस्वामी अय्यंगार (१९२०–१९९७) यांनी आकाशवाणीच्या व मैफलींच्या माध्यमातून म्हैसूर बाणी देशभर पोहोचवली. शिष्यपरंपरेची ही साखळी नावानिशी सांगता येते. कोणी कोणाकडून काय घेतले, याचा हिशेब संगीताच्या इतिहासात चोख ठेवलेला आहे.

वाद्य घडवणाऱ्यांच्या वाट्याला असा इतिहास क्वचितच आला. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची कामे सोडून सतारी घडवू लागलेल्या फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हा अपवाद म्हणावा लागेल. तंजावर, म्हैसूर आणि अन्यत्र फणसाच्या ओंडक्यातून नाद कोरून काढणाऱ्या बहुसंख्य सुतारांची नावे त्यांच्या वाद्यांवर नाहीत आणि चरित्रग्रंथांतही नाहीत.

म्हैसूर आज चोहोबाजूंनी वाढले आहे. विजयनगरसारख्या नव्या वसाहतींनी शहराच्या जुन्या सीमा कधीच ओलांडल्या. दसऱ्याच्या दिवसांत मात्र राजवाड्यापुढील मंचावर संगीताचे स्वर उमटतात, तेव्हा शेषण्णांची आठवण निघते आणि तिच्यासोबत ती पालखीही. त्या दिवशी पालखीत मानाने बसलेली वीणा कोणी घडवली, हे आता सांगता येत नाही. तिला तो मान देणाऱ्या वैणिकाने आपल्या परीने त्या अनामिक हातांनाही मिरवणुकीत जागा करून दिली होती.