उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद आणि आपली मुले

दिवाळी सरली की मोलगी परिसरातील पाड्यांवरून माणसे उसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयते, भांडी व लहान मुले घेऊन गाड्या देवगोई घाट उतरतात. काही गुजरातेत जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात. तेथे पोचलेला मुलगा साखर कारखाना पाहतो तो वजनकाट्यापर्यंत. गव्हाणीत पडलेल्या मोळीचे पुढे काय होते, हे त्याला कोणी दाखवीत नाही व तोही विचारीत नाही.

या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एका थोर पुरुषाचे चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव प्रथम मनात आले, त्यामागे हे दृश्य होते. ते आपल्या समाजातील म्हणून त्यांचा गौरव करणे योग्यच आहे. परंतु व्यापारी घराण्यात जन्मलेला हा माणूस विकण्याकडून घडविण्याकडे कसा वळला, ही कथा आपल्या दुकानांतील मुलांना आणि आश्रमशाळांतील मुलांना सारखीच उपयोगाची आहे.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे झाला. दशा हुमड दिगंबर जैन असे हे दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. पोट भरण्यासाठी दक्षिणेत आलेल्या या कुटुंबाने सोलापुरात कापूस, धान्य व सावकारी यांत जम बसविला. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे समाजसुधारणेची ओढ असलेले गृहस्थ. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंदांच्या जन्मानंतर काही दिवसांतच मातेचे छत्र हरपले. सोलापुरात शालेय शिक्षण झाल्यावर ते मुंबईस व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले; पण पदवी हाती येण्यापूर्वीच शिक्षण सुटले व त्यांना घरच्या पेढीवर बसावे लागले.

पेढीवर त्यांचे मन रमले नाही आणि यशही मिळाले नाही. धान्याच्या व्यापारात त्यांना मोठी खोट आली. व्यापाऱ्याच्या घरात असा मुलगा म्हणजे काळजीचा विषय. आज अशा मुलाला आपण काय सल्ला देऊ, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा. वालचंदांच्या भाग्याने त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले, कामाची माहिती असलेले, पण भांडवल नसलेले. वालचंदांपाशी घराण्याची पत होती. 1903 च्या सुमारास दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाचे काम घेतले.

जैन शेठजी आणि ब्राह्मण कारकून यांची ही भागीदारी त्या काळच्या सोलापुरात अनेकांना विचित्र वाटली असेल. वालचंदांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे बीज मात्र याच कामात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. भराव किती उंच, खडी किती जाडीची, रूळ कसे जुळवायचे, शंभर माणसांच्या हातून दिवसभरात किती काम उतरते, हे त्यांना उन्हात उभे राहून शिकावे लागले. ते अभियंता नव्हते व पुढेही झाले नाहीत. पण जाणकार माणूस ओळखणे आणि त्याच्या हाती काम सोपविणे ही विद्या त्यांनी येथे मिळविली. लहान ठेक्यांतून मोठे ठेके आले. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसा तलावाचे पाणी आणणारी नळवाहिनी अशी कामे त्यांच्याशी निगडित कंपन्यांनी पार पाडली.

1926 मध्ये त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली. घाटरस्त्याच्या मोरीखाली घातलेला सिमेंटचा गोल नळा आपण सर्वांनी पाहिला आहे. खेड्यातील माणूसही त्याला ह्यूम पाइपच म्हणतो. ह्यूम हे या पद्धतीचा शोध लावणाऱ्या ऑस्ट्रेलियन कारागिराचे आडनाव. साचा वेगाने फिरवला की आतील काँक्रीट चहूबाजूंनी भिंतीवर दाबले जाते, जास्तीचे पाणी निघून जाते आणि घट्ट नळा तयार होतो. रवी फिरवताना ताक भांड्याच्या कडेने चढते, त्यातलेच हे तत्त्व.

जहाजांची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिले महायुद्ध संपताच नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. वालचंद स्वतः त्यावर होते. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु स्मरणिकांतून सहसा सांगितले जात नाही ते असे, की ते जहाज जुने होते व काही वर्षांतच मोडीत निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला जेरीस आणले. आणि 1923 मध्ये किनारी वाहतुकीपुरतेच राहण्याचा करार सिंदियाला करावा लागला. वालचंद तरीही मागे हटले नाहीत. 1929 ते 1950 ते या कंपनीचे अध्यक्ष होते.

आता साखरेकडे वळू. खानदेशाला लागून असलेल्या मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे 1923 मध्ये त्यांनी खडकाळ माळरान घेतले. दगड वेचून व माती तयार करून तेथे ऊस उभा केला आणि 1933 मध्ये कारखाना सुरू केला. रावळगावची गोळी आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी खाल्ली असेल. याच सुमारास इंदापूर तालुक्यातील कळंब येथे दुसरा कारखाना व त्याभोवती वसाहत उभी राहिली, तेच वालचंदनगर.

साखर कारखाना ही यंत्रविद्येची एक मोठी शाळाच आहे. गव्हाणीतून गेलेला ऊस प्रथम कापला जातो, मग जड लाटांमधून पिळला जातो. रसात चुना व गंधकाचा वायू सोडून तो स्वच्छ करतात, वाफेवर आटवतात, दाणा धरू देतात आणि शेवटी जाळीच्या फिरत्या पिंपात मळी व साखर वेगळी करतात. उरलेले चिपाड बॉयलरच्या भट्टीत जाते व त्याच्या वाफेवर सारा कारखाना चालतो. यांतील प्रत्येक ठिकाणी कोणीतरी प्रशिक्षित माणूस उभा असतो: फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री, बॉयलर सांभाळणारा, रसायने तपासणारा. सुरुवातीला ही यंत्रे परदेशांतून येत. पुढे वालचंदनगरच्या कार्यशाळेतूनच साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बाहेर पडू लागली आणि कालांतराने भारताच्या अग्निबाणांचे भागही तेथे घडले. हे वालचंदांच्या पश्चात झाले; परंतु कारखान्याशेजारी यंत्रशाळा हवी, ही दृष्टी त्यांची होती.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाची वर्षे म्हणजे 1939 ते 1944. अमेरिकेहून परत येताना विमानात त्यांची विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी ओळख झाली आणि त्या ओळखीतून भारतात विमाने बांधण्याची कल्पना निघाली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी साहाय्य केले आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. पुढील वर्षीच तेथून पहिले शिकाऊ विमान उडाले. त्याच वर्षी, 21 जून 1941 रोजी, विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाज बांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. मोटारीसाठी ते त्याआधीपासून सरकारचे उंबरे झिजवीत होते. सर विश्वेश्वरय्या यांच्या मोटार योजनेला त्यांचा पाठिंबा होता. इंग्रज सरकारने दाद दिली नाही. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली व 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी ही त्याच कंपनीची.

यांतले किती त्यांच्या हाती राहिले? विमानाचा कारखाना सरकारने 1942 मध्ये युद्धाच्या कारणास्तव ताब्यात घेतला. त्याच वर्षी विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले व तेथील काम थांबले. 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली खरी, पण 1952 मध्ये तो कारखानाही सरकारकडे गेला. भांडवलाचा पुरता विचार न करता ते मोठमोठ्या योजनांत उडी घेतात, अशी टीका त्यांच्यावर होत असे आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. नफ्याच्या वहीतून पाहणाऱ्याला हे आयुष्य तोट्याचेही वाटेल.

मात्र त्या कारखान्यांच्या दारातून कोण आत गेले, हेही पाहावे. कोल्हापूरच्या परिसरात जन्मलेले विष्णु माधव घाटगे जर्मनीत वायुगतिशास्त्र शिकून आले होते. बंगळूरला कारखाना निघाला म्हणून त्यांच्या विद्येला जागा मिळाली. त्यांनी आखलेले 'एचटी-2' हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडाले. हिंदुस्थान एअरक्राफ्टचेच पुढे, 1964 मध्ये, हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले व तेथे हजारो कारागिरांचे हात घडले.

1949 मध्ये अर्धांगाचा झटका आल्यावर वालचंद हळूहळू कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.  सांगली येथे 1947 मध्ये धोंडुमामा साठे यांनी सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 मध्ये वालचंदांचे नाव मिळाले. सोलापुरात 1983 साली श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने त्यांच्याच नावाची तंत्रशिक्षण संस्था काढली. डेक्कन कॉलेजातून पदवीविना बाहेर पडलेल्या माणसाच्या नावाने आज दरवर्षी शेकडो अभियंते पदवी घेतात.

मोलगीच्या बाजारात उन्हाळ्यात कैरीच्या वाळलेल्या फोडी पोत्यांनी विकल्या जातात. आपले व्यापारी त्या विकत घेऊन खाली पाठवितात. त्यांची पूड करणारी, ती चाळणारी व पाकिटात भरणारी यंत्रे दुसरीकडे असतात आणि किमतीतील मोठी वाढही तेथेच होते. सोलापूरच्या पेढीवर बसलेल्या वालचंदांना कापसाच्या गाठींकडे पाहून हेच दिसले असावे. असे यंत्र मोलगीत बसवायचे तर ते चालविणारा व बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस लागेल, आणि तो येथील एखाद्या पाड्यावर किंवा दुकानाच्या माडीवर आज दहावीचा अभ्यास करीत आहे.

पालकांच्या माहितीसाठी एवढेच: दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वीजतंत्री यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असतात. तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची. आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्याला तिच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो व पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात घेतलेल्या मुलाला 1961 च्या कायद्यानुसार विद्यावेतन द्यावे लागते. अर्ज दहावीच्या निकालानंतर भरावयाचे असतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा ते कागद उसतोडीला जाण्यापूर्वीच काढून ठेवावेत.