विग्नर आणि भिंतीतले अणू

आम्हा सिव्हिलवाल्यांचं काँक्रीट म्हणजे क्यूब टाकायचे, ७ दिवस, २८ दिवस, प्रेस केलं की संपलं. अणुभट्टीभोवतीच्या भिंतीला मात्र ४० ते ८० वर्षं न्यूट्रॉनचा मारा सोसायचा असतो, आणि ती बदलता येत नाही. या विषयात शिरलो की पहिली भेट होते युजीन विग्नर यांची.

जन्म १९०२, बुडापेस्ट. वडील चामड्याच्या कारखान्यात व्यवस्थापक. पोराला फिजिक्सचं वेड, पण पोटापाण्याचं काय म्हणून घातलं केमिकल इंजिनिअरिंगला (ओळखीची वाटते ना गोष्ट?). १९२५ साली बर्लिनला डॉक्टरेट झाली आणि विग्नर खरंच त्या कारखान्यात कामाला लागले! मन रमेना, म्हणून परत बर्लिन आणि १९३० मध्ये प्रिन्स्टन. मला वाटतं, ते इंजिनिअरिंग वाया गेलं नाही. शिकागोत १९४२ साली बाकीचे साखळी प्रक्रियेच्या मागे होते, तेव्हा यांना मालाची काळजी पडली होती.

त्यांचा मुद्दा असा. वेगवान न्यूट्रॉन म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर. तो ग्रॅफाइटमधल्या अणूंना जागेवरून उडवणार, माल फुगणार, आत ऊर्जा साठणार. मोठी अणुभट्टी अजून उभीही नव्हती! हानफर्डला ग्रॅफाइट खरोखर फुगलं, आणि १९४६ मध्ये तिथली बी अणुभट्टी जपून ठेवण्यासाठी काही काळ बंद केली. इंग्लंडात विंडस्केलला तर ही साठलेली ऊर्जा काढायला ग्रॅफाइट तापवताना ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातलं दूध ओतून द्यावं लागलं.

काँक्रीटमध्ये हाच स्ट्रायकर खडीतल्या क्वार्ट्झला गाठतो. स्फटिकाची घडी विस्कटते आणि खडी फुगते. सिमेंटची पेस्ट उलट सुकून आकसते. मग तडे जाणारच. म्हणून मॉडेल करताना खडी आणि पेस्ट वेगवेगळी धरतात. खरी पंचाईत वेळेची आहे. प्रयोगाच्या भट्टीत अनेक वर्षांचा डोस थोडक्या काळात देतात. भिंतीत तो हळूहळू जातो, तेवढ्यात काही अणू परत जागेवर बसतात, पेस्टही थोडी सैलावते. म्हणजे प्रयोगातले आकडे जसेच्या तसे भिंतीला लावता येत नाहीत.

विग्नरना १९६३ चं नोबेल मिळालं ते सममितीच्या कामासाठी. १ जानेवारी १९९५ ला प्रिन्स्टनमध्ये ते गेले. स्पेनमधली सोरिता अणुभट्टी २००६ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या भिंतीचे कोअर काढून तपासायला घेतले. खऱ्या भिंतीचे नमुने मिळाले ते असे, भट्टी बंद पडल्यावर.