गज, लंगोटी आणि पिंछी-कमंडलू

चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसल्यानंतर माणसाकडे पाहण्याची एक सवय जडते. समोरचा बोलण्यापूर्वी त्याच्या अंगावरचे कापड बोलू लागते. नोकरी लागली की टेरिकॉट येते, बढती मिळाली की सूटिंगचे भारी ताके उलगडावे लागतात, घरात कार्य निघाले की पैठणी. माणूस मोठा होतो तशा त्याच्या वस्तू वाढतात, हा आम्हा व्यापाऱ्यांचा हिशोब आणि त्यावरच आमची दुकाने चालतात. परंतु आपल्या मराठवाड्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री ज्यांनी समाधी साधली, त्या चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराजांच्या जीवनात हा हिशोब उलटा मांडलेला दिसतो. त्यांच्या मोठेपणाचा एकेक टप्पा म्हणजे हातातून सुटलेली एकेक वस्तू होय. शिवाय महाराजांच्या घरचे दुकान कापडाचे होते. म्हणूनच माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या व्यापाऱ्याने हे लिहिण्याचे धाडस केले आहे.

महाराजांचा जन्म १८७२ साली येळगूळ येथे, आजोळी झाला. गाव भोज, जिल्हा बेळगाव. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमावरील या गावी पाटीलकीचे सधन घराणे होते. वडील भीमगौडा, माता सत्यवती आणि बालकाचे नाव सातगौडा. त्या काळच्या रूढीप्रमाणे नवव्या वर्षी विवाह झाला, ती बालिका अल्पावधीतच निवर्तली आणि सातगौडांनी पुन्हा विवाह केला नाही.

शेती होती, तसे कापडाचे दुकानही होते. गादीवर बहुधा धाकटे बंधू कुमगौडा बसत. ते नसताना गिऱ्हाईक आले, तर सातगौडा त्याला सांगत की हवे ते कापड निवडा, आपल्याच हाताने गज लावून फाडून घ्या, पैसे ठेवा आणि उधारी असेल तर वहीत आपणच लिहून ठेवा. चरित्रकारांनी ही हकीकत भक्तीने लिहिली आहे. मी ती व्यापारी म्हणून वाचली आणि पुस्तक मिटवून बसलो. गज, कात्री आणि वही ही आमची तीन आयुधे. विश्वासू नोकराच्या हाती देतानाही आमचे अर्धे लक्ष तिकडेच असते. माझ्याच्याने ते एक दिवसही होणार नाही, हे कबूल करतो. शेतातही तोच प्रकार. पिकावर पाखरे उतरली तर सातगौडा ती हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवीत. वस्तू घरातच होत्या, पण त्यांच्यावरची पकड तेव्हाच सैल झाली होती.

मातापित्यांची सेवा पूर्ण होईपर्यंत ते घरी राहिले. १९१२ पर्यंत दोघांचेही छत्र हरपले. त्यानंतर १९१५ च्या सुमारास उत्तूर येथे देवप्पास्वामींकडून त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली. त्या वेळची एक आठवण सांगितली जाते. नवी पिंछी हाताशी नव्हती, म्हणून स्वामींनी आपल्या पिंछीतील काही पिसे काढून दिली. कमंडलूही नव्हता, तेव्हा लोट्यालाच सुतळी बांधून काम भागविले. एवढ्या साहित्यावर पाटलांच्या घरचा मुलगा बाहेर पडला.

क्षुल्लकाला लंगोटी आणि एक खंडवस्त्र चालते. खंडवस्त्राचे माप मोठे अर्थपूर्ण आहे. डोके झाकले तर पाय उघडे राहावेत आणि पाय झाकले तर डोके, इतकेच ते असावे. आम्ही गिऱ्हाइकाला चार बोटे कापड जास्तच देतो. येथे शास्त्र मुद्दाम कमी देते. पुढे गिरनारला नेमिनाथ भगवंतांच्या चरणी सातगौडांनी तेही खंडवस्त्र सोडले आणि ऐलक झाले. अंगावर केवळ लंगोटी राहिली. परतताना कुंडल येथे वाहनाचाही त्याग केला. १९२० साली यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली आणि लंगोटीही गेली. तेव्हा वय अठ्ठेचाळीसच्या आसपास होते. आमच्याकडे या वयात माणूस दुसरे दुकान काढण्याच्या विचारात असतो.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. त्या वेळी दिगंबर मुनी गावातून जाताना अंगावर वस्त्र घेत आणि आहाराच्या वेळी ते बाजूला ठेवीत. उपाध्ये ज्यांचे घर ठरवीत तेथे आहार होई. महाराजांनी ही सोय नाकारून शास्त्रोक्त चर्या पुन्हा रूढ केली. एका वस्त्राचा हा प्रश्न दिसायला लहान होता, परंतु समाजातील जाणत्यांनाही तो तेव्हा अवघड वाटला असावा.

राहिलेल्या दोन वस्तूंविषयी थोडे लिहितो. मोर आपली पिसे आपणच टाकतो. त्यांची पिंछी बनते. ती धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मऊ, नाजूक आणि हलकी असते. शास्त्रातील हे पाच गुण वाचताना आम्ही कापडाचा पोत पारखतो तशी पारख तेथे झालेली आहे असे वाटते. तिने जागा हळुवार झाडूनच मुनींनी बसावे, जीव दुखावू नये. कमंडलूचे तोंड मोठे आणि तोटी लहान. आवक मोठी, खर्च थोडा.

१९२४ मध्ये समडोळी येथे ते आचार्य झाले. १९२६ साली निजामी राज्यातील आपल्या नांदेडलाही महाराजांचे चरण लागले. १९२७ मध्ये कुंभोज-बाहुबलीहून मुंबईचे संघपती पूनमचंद घासीलाल यांच्या पुढाकाराने संघ सम्मेदशिखरजीकडे निघाला. श्रावकांबरोबर सामानसुमान होतेच. पुढे चालणाऱ्या आचार्यांच्या हाती मात्र तेच दोन जिन्नस.

स्वतःसाठी काहीही न ठेवणाऱ्या महाराजांनी एका संग्रहासाठी मात्र समाजाला कामाला लावले. मूडबिद्री येथील धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धान्तग्रंथांच्या ताडपत्री जीर्ण झाल्या होत्या. ते ग्रंथ टिकावेत म्हणून ताम्रपटांवर कोरवून घेण्याची प्रेरणा त्यांनी दिली. फलटण येथे ते ताम्रपट जतन केलेले आहेत.

वृद्धापकाळी दृष्टी मंदावली. पावलाखालचा जीव दिसत नसेल तर हाती पिंछी असून काय उपयोग? १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी येथे महाराजांनी सल्लेखना घेतली. ८ सप्टेंबर रोजी त्यांनी दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. तो आपल्या मराठीत आहे. त्यापूर्वीच, ऑगस्टअखेर, त्यांनी आचार्यपद आपले शिष्य वीरसागर महाराजांना दिले होते. वीरसागरजी मूळचे औरंगाबाद जिल्ह्यातील, गृहस्थपणीचे हिरालाल गंगवाल. तेव्हा ते जयपूरला होते. कुंथलगिरीहून त्यांच्यासाठी पिंछी आणि कमंडलू पाठविण्यात आले. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या छत्तिसाव्या दिवशी, महाराजांनी देह ठेवला.